बहुलक रोज छापून येतो, पण मुलांना तो कुणी दाखवत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्याच्या मार्केट यार्डात कांदा-बटाटा विभागात एका गाळ्यावर दिवाणजी आहे, एकोणीस वर्षं झाली. गाडी आली की मालाची नोंद करायची, कुठलं वक्कल, म्हणजे एकत्र विकला जाणारा एका शेतकऱ्याचा एका प्रतीचा माल, कितीला गेलं ते लिहायचं आणि दुपारी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, करून द्यायची, हे माझं काम. तुमच्या पेपरात बाजारभाव येतात ते आकडे शेवटी आमच्यासारख्यांच्या वहीतूनच पुढे गेलेले असतात, म्हणून हे पत्र जरा हक्काने लिहितोय. लांब होणार आहे, पण पूर्ण वाचावं ही विनंती.

विषय दहावीच्या गणिताचा आहे. आमची थोरली यंदा दहावीला, मराठी माध्यम, शाळा घराजवळच. गणित भाग १ मध्ये शेवटी सांख्यिकीचं प्रकरण आहे, मध्य, मध्यक, बहुलक, आयतालेख, वृत्तालेख वगैरे. दिवाळीच्या आधी एका रात्री ती बहुलकाची गणितं सोडवत बसली होती आणि मी शेजारी त्या दिवशीच्या पट्ट्या लावत होतो. ती तोंडाने पुटपुटत होती, एल अधिक कंसात एफ वन वजा एफ झिरो भागिले दोन एफ वन वजा एफ झिरो वजा एफ टू, गुणिले एच. उत्तर अगदी बरोबर आलं, मागच्या पानाशी जुळलं. मी सहज विचारलं की बाळा, हे जे आलं ते म्हणजे नक्की काय? ती म्हणाली, बहुलक. मी म्हटलं, ते कळलं गं, पण ते काढून गणितातल्या त्या दुकानदाराला काय समजलं? ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला राग आला नाही, पण असा प्रश्न या प्रकरणात असू शकतो हेच तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मग मी तिच्यासमोर त्या दिवशीचा पेपर ठेवला. बाजारभावाच्या तक्त्यात आवक असते, किमान दर असतो, कमाल दर असतो आणि शेवटी सर्वसाधारण दर असतो. बहुतेक लोकांना वाटतं सर्वसाधारण म्हणजे सरासरी. तसं नाही. ज्या भावाला त्या दिवशी जास्तीत जास्त माल गेला तो सर्वसाधारण दर, म्हणजेच तिचा बहुलक. तिचा विश्वास बसेना म्हणून मोबाईलवर सरकारी बाजारभावाची इंग्रजी साईट उघडून दाखवली, तिथे त्या रकान्याचं नावच मोडल प्राइस असं आहे, आणि मोड म्हणजेच बहुलक. पणन मंडळ मराठीत त्यालाच सर्वसाधारण दर म्हणतं आणि त्या पणन मंडळाचं ऑफिस आमच्या गाळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर गुलटेकडीत आहे. म्हणजे ज्या शब्दाचा तिला सूत्रापलीकडे काही अर्थ नव्हता तो शब्द तिचा बाप रोज लिहीत होता, आणि मला पण बी.कॉम.ला स्टॅटिस्टिक्स असून हे दोन्ही एकच आहे हे तिला सांगावंसं इतकी वर्षं वाटलं नाही याचं मला वाईट वाटलं.

त्या रात्री आम्ही दोघांनी एका दिवसाचा हिशोब मांडला. तो इथे देतो, आकडे गोल केलेत म्हणजे कुणालाही तोंडी करता येतील. समजा गाळ्यावर कांद्याची नऊ वक्कलं उतरली आणि दहा किलोला भाव निघाले ५०, ६०, ७०, ११०, १२०, १२०, १२०, १३० आणि २१०. खालचे तीन गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, आणि भिजलेला माल, वरचा २१० वाला एकदम एकसारखा, सुकवलेला, चकाकी असलेला. गावाकडे शेतकरी पेपरात फक्त ५० ते २१० एवढंच वाचतो आणि मनात मधला आकडा धरतो, १३०. आता थोरलीने नऊचा मध्य काढला, बेरीज ९९०, भागिले ९, आला ११०. मध्यक म्हणजे ओळीतला मधला, पाचव्या नंबरचा, १२०. बहुलक पण १२०. इथपर्यंत पुस्तकातल्यासारखंच झालं आणि ती वही मिटायला लागली.

मी म्हटलं थांब, गोण्या मोजल्यास का? कारण वक्कल म्हणजे काही एक माप नाही, कुणाचं पाच गोण्यांचं असतं कुणाचं चाळीस. ५० वाल्याच्या गोण्या ४०, ६० वाल्याच्या ३०, ७० वाल्याच्या ३०, ११० वाल्याच्या २०, १२० ची तीन वक्कलं प्रत्येकी २०, १३० च्या १५ आणि २१० च्या फक्त ५. एकूण २०० गोण्या, सगळ्यांचं वजन सारखं धरू. परत हिशोब केला तर मध्य आला साडेएक्याण्णव. आणि २०० गोण्या भावाप्रमाणे ओळीने लावल्या तर शंभरावी गोणी ७० ची आणि एकशे एकावी ११० ची, म्हणून मध्यक ९०. बहुलक मात्र १२० च राहिला, कारण १२० ला ६० गोण्या गेल्या आणि तेवढ्या दुसऱ्या कुठल्याच भावाला गेल्या नाहीत.

एकाच गाळ्याचा, एकाच सकाळचा माल, आणि भाव किती म्हणून विचारलं तर १३०, १२०, ११०, साडेएक्याण्णव, ९० ही सगळी उत्तरं खरं बोलून देता येतात. तिने विचारलं मग बरोबर कुठलं? हा प्रश्न तिने पुस्तकावरून मला आजपर्यंत कधीच विचारला नव्हता, तिथे बरोबर उत्तर एकच असतं आणि ते मागे छापलेलं असतं. मी सांगितलं की ज्याच्याकडे चांगला निवडलेला कांदा आहे आणि उद्या आणू की नको असा ज्याला प्रश्न पडलाय, त्याने १२० बघावा. आज या बाजारात शेतकऱ्यांच्या हातात एकूण किती पैसा पडला हे ज्याला हवंय त्याने साडेएक्याण्णव घ्यावा. आणि २१० हा आकडा खरा असला तरी तो पाच गोण्यांचा आहे, त्याच्यावर ट्रक भरून माल आणला तर भाड्याला पैसे पुरणार नाहीत. हे दरवर्षी होतं हो. जुन्नर, शिरूर, पारनेर, श्रीगोंद्याकडून लोक कमाल दर वाचून माल भरतात आणि पट्टी हातात पडल्यावर माझ्याकडे बघतात, आणि त्यांना काय सांगायचं हे मला एकोणीस वर्षांत जमलेलं नाही. मी स्वतः शिरूर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरचा आहे, त्यामुळे तो चेहरा मला वहीत मान घालून टाळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी थोरलीने हे सगळं शाळेत गणिताच्या बाईंना दाखवलं. बाई चांगल्या निघाल्या. त्यांनी एक तास यासाठी काढला आणि मला निरोप पाठवला की गेल्या आठवड्याच्या पट्ट्या नावं झाकून मिळतील का. मालकांना विचारून मी झेरॉक्स दिल्या, शेतकऱ्याचं नाव आणि गाव दोन्ही खोडून. पोरांनी गटागटाने वारंवारता सारणी केली, म्हणजे कुठल्या भावाच्या टप्प्यात किती माल ते मांडलं, आणि ते टप्पे, ज्यांना पुस्तकात वर्ग म्हणतात, स्वतः ठरवले. इथे एक गंमतशीर गोष्ट झाली, एका गटाने १० रुपयांचे वर्ग घेतले, दुसऱ्याने ५० चे, आणि दोघांचे आयतालेख इतके वेगळे दिसले की एकाच मालाचे वाटेनात, ५० वाल्यांचा एकच मोठा डोंगर आणि १० वाल्यांना दोन टेकड्या, एक गोल्टीची एक चांगल्या मालाची. बाईंनी फळ्यावर दोन्ही शेजारी काढले. पुस्तकात वर्ग आयते दिलेले असतात त्यामुळे वर्ग ठरवणं हे पण एक काम आहे आणि ते चुकलं तर खरी गोष्ट लपून बसते हे कळायला वावच नसतो.

आणखी एक झालं. एका मुलाने पट्टीवरचा क्विंटलचा भाव तसाच उतरवला, म्हणजे १२० च्या जागी १२००. आमच्या त्या नऊ वक्कलांच्या हिशोबात अशी एक चूक घातली तर बघा काय होतं, मध्य ११० वरून उडी मारून २३० वर जातो आणि मध्यक जागचा हलत नाही, १२० च राहतो. बाईंनी त्या मुलाला रागावलं नाही, उलट त्याच चुकीवर अर्धा तास शिकवलं. मध्य एका टोकाच्या आकड्याने ओढला जातो, मध्यक नाही, हे वाक्य क्लासच्या नोट्समध्ये पण असतं, पण स्वतःच्या हातून झालेल्या चुकीने दिसलं ते त्या पोराला परीक्षेनंतर पण आठवेल. कॉलेजांच्या जाहिरातीत प्लेसमेंटचं सर्वात मोठं पॅकेज असं ठळक छापतात ना, दोन वर्षांनी याच मुलांच्या घरी त्या जाहिराती येणार आहेत, तेव्हा त्यांनी मधल्या मुलाला किती मिळाले एवढं विचारलं तरी आईबापाचे पैसे वाचतील.

आता तुमच्या पेपरबद्दल थोडं, राग मानू नका. पावसाळ्यात बातमी येते, खडकवासला १०० टक्के भरलं. लोक खूश होतात, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हार-फुलं येतात. पण पुण्याला पाणी देणारी मुख्य धरणं चार. खडकवासल्याची क्षमता १.९७ टीएमसी, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, मिळून २९.१५ टीएमसी. म्हणजे खडकवासला काठोकाठ भरलं तरी रुपयातले सात पैसे पण नाहीत. समजा खडकवासला पूर्ण भरलंय आणि बाकी तिन्ही ४० टक्क्यांवर आहेत, तर चार टक्केवाऱ्यांची सरळ सरासरी ५५ येते आणि खरा साठा निघतो ४४ टक्के. फरक अकरा टक्क्यांचा दिसतो, पण पाण्यात मोजला तर तीन टीएमसीच्या वर आहे, आणि एक टीएमसी म्हणजे २,८०० कोटी लिटरच्या पुढे. हे गोण्यांचंच गणित आहे, फक्त वक्कलाच्या जागी धरण आलं. तुम्ही चारही धरणांचा तक्ता छापता हे मला माहितीये, आणि तो चांगला असतो, पण हेडिंग एका धरणाचं असतं आणि लोक हेडिंग वाचतात. नववी-दहावीच्या मुलांना जून ते सप्टेंबर दर रविवारी हा तक्ता कापून वहीत चिकटवायला सांगितला तर भारित सरासरी, रेषालेख, टक्केवारी सगळं त्यातच होतं, वेगळं काही आणायला लागत नाही.

पाऊस तर दारातच पडतो. थोरलीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी जूनमध्ये सरळ बाजूच्या प्लास्टिकच्या बरणीला मोजपट्टी चिकटवून आपापल्या गच्चीवर ठेवली होती. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे तिला तिथे कळलं, भूगोलाच्या पुस्तकात वाचून नाही. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, कारण वेधशाळा पण साडेआठ ते साडेआठ मोजते. तिघी राहतात बिबवेवाडी, धनकवडी आणि कोंढव्यात, आणि तिघींचे आकडे एकमेकींशी जुळले नाहीत, शिवाजीनगरला वेधशाळेचं सिमला ऑफिस आहे त्याच्या आकड्याशी तर नाहीच. आधी त्यांना वाटलं आपलं चुकलं. मग पेपरात पाहिलं की पाषाण, लोहगाव, मगरपट्टा, लवळे इथले आकडे पण वेगवेगळे असतात. पुण्यात आज किती पाऊस झाला याचं एक उत्तर नसतं हे समजणं म्हणजेच सांख्यिकीची सुरुवात असं मला वाटतं. गावाकडे माझे वडील दरवर्षी विचारतात की टीव्हीवर सांगितलं पाऊस सामान्य झाला, मग आपल्या विहिरीला पाणी का नाही. सामान्य म्हणजे देशाच्या मोसमी सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के, आणि ती सरासरी १९७१ ते २०२० अशा पन्नास वर्षांवरून काढलेली, सुमारे ८७ सेंटीमीटर. त्या ८७ मध्ये चेरापुंजी पण आहे आणि जैसलमेर पण. शिरूरच्या वावरात काय पडलं ते त्यात कुठे दिसणार. हे नातीने आजोबांना फोनवर समजावलं, मी शेजारी उभा होतो.

या शहराला हे नवीन पण नाही. बाईंनीच वर्गात सांगितलं की गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली निघाली आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी सुरुवातीच्या काही वर्षांतच पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी केली, म्हणजे फळ कुठून येतं, मध्ये किती हात लागतात, कुणाला किती सुटतात. मला हे ऐकून फार बरं वाटलं, जे काम मी रोजचं हमालीचं समजतो त्याच्यावर या गावात नव्वद वर्षांपूर्वी अभ्यास झालाय. पीक कापणी प्रयोग, म्हणजे शेताचा एक तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज काढायचा, शेतकऱ्यांना माहीत असतात, पीक विम्यामुळे तर फारच. शेतात कुठल्या तुकड्यावर कापणी करायची हे कुणाच्या मर्जीने नाही तर यादृच्छिक आकड्यांनी ठरवायचं, ही पद्धत देशात बसवण्यात ज्यांचा मोठा वाटा ते संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आपल्या साताऱ्याच्या बुध गावचे, फर्ग्युसनला शिकलेले. इतकं घरचं असताना आपली पोरं नमुना निवड हा शब्द कुठल्या तरी परक्या विषयासारखा पाठ करतात.

मला शिक्षकांना दोष द्यायचा नाही. एका वर्गात साठ पोरं, पोर्शन फेब्रुवारीच्या आत संपवायचा, मध्येच निवडणुकीची नाहीतर कसल्या तरी सर्वेक्षणाची ड्युटी, आणि बोर्डात सांख्यिकीला जेवढे मार्क तेवढाच वेळ. ज्या क्लासला आम्ही पोरीला घातलं तिथे सरांनी हे पट्ट्यांचं प्रकरण ऐकून सांगितलं की हे परीक्षेला येत नाही, वेळ घालवू नको. त्यांचं पण चूक म्हणता येत नाही, आम्ही पालक फी मार्कांसाठीच भरतो. पण गणिताला अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण आहेतच. त्यातले थोडे तरी स्वतः गोळा केलेल्या आकड्यांना ठेवा एवढंच माझं म्हणणं आहे. एक आठवडा, एक वही. कॉम्प्युटर नको, ॲप नको, प्रोजेक्टच्या नावाखाली दुकानातून छापील चार्ट आणणं तर अजिबात नको.

आकडे कुठून आणायचे म्हणाल तर घरातच आहेत. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, वर्गातल्या सगळ्यांनी एका महिन्याचे युनिट आणले की आयतालेखाला पुरेसे आकडे झाले. सोसायटीच्या वॉचमनकडे टँकरचं रजिस्टर असतं, माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरासाठीचं प्रमाण, त्याच्याशी ताडून बघा. पीएमपीच्या बस स्टॉपवर रोज किती मिनिटं थांबलो हे लिहून ठेवलं तर मध्य दहा मिनिटांचा असूनसुद्धा चाळीस मिनिटं थांबलेला एक दिवसच का लक्षात राहतो ते कळेल. एक काळजी मात्र घ्यायला पाहिजे आणि ती आमच्या बाईंनी घेतली, बिलावर नाव नको, चिठ्ठीवर फक्त आकडा लिहून डब्यात टाकायचा. कुणाच्या घरी चार एसी असतात आणि कुणाच्या घरी एक बल्ब आणि एक पंखा, तो आकडा वर्गासमोर बोलून दाखवायची वेळ कुठल्याच पोरावर येऊ नये.

आता तुमच्याकडे मागणं. बाजारभावाच्या तक्त्यात सर्वसाधारण दराच्या खाली एक ओळ छापा की हा दर म्हणजे ज्या भावाला सगळ्यात जास्त माल विकला गेला तो, सरासरी नव्हे. आणि जमलं तर आठवड्यातून एकदा, निदान कांद्यापुरतं तरी, कुठल्या भावाच्या टप्प्यात अंदाजे किती गोण्या गेल्या ते द्या, ५० ते १००, १०० ते १५०, अशा चार-पाच ओळी, कोपऱ्यात. एवढ्यात शाळेतल्या मुलांना एक खरी वारंवारता सारणी दर आठवड्याला फुकट मिळेल आणि गावाकडच्या माणसाला कमाल दराच्या नादाने ट्रक भरावा लागणार नाही. आकडे गोळा करायला तुमच्या बातमीदाराला त्रास होणार असेल तर आमच्या विभागातले दोन-तीन दिवाणजी वहीतून काढून द्यायला तयार आहेत, मी बोललोय त्यांच्याशी, नावं-गावं न देता. बाईंनी पण सांगितलंय की त्या ते कात्रण वर्गाच्या फळ्यावर लावतील.

शनिवारी यार्ड बंद असतं आणि रविवारी आवक सगळ्यात जास्त, त्यामुळे सुरुवात सोमवारच्या अंकापासून केली तर बरं पडेल. रविवारचा हिशोब दुपारी दोनपर्यंत माझ्याकडे तयार असतो.

आपला,
एक दिवाणजी आणि दहावीचा पालक
बिबवेवाडी, पुणे